जादी राण्याची अट

डहाणूजवळच्या सरावलीच्या माणसाला संजाण काही लांब नाही. डहाणू रोड स्टेशनात गुजरातकडे जाणारी गाडी धरायची. घोलवड, उंबरगाव रोड आणि मग संजाण. इराणातून समुद्रमार्गे आलेले पारशी या संजाणला उतरले, राजाने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पुढे केला आणि पारशांनी त्यात साखर विरघळवली, ही गोष्ट या पट्ट्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. साखरेच्या गोष्टीइतक्या अटी मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूने १५९९ च्या सुमारास फारसी पद्यात ‘किस्सा-ए-संजाण’ लिहिला. आश्रय देताना त्या राजाने, जादी राण्याने, काय काय मागितलं ते त्यात नोंदलेलं आहे. तुमचा धर्म समजावून सांगा. इथली भाषा बोला. शस्त्रं खाली ठेवा. लग्नाच्या वराती संध्याकाळी काढा. आणि तुमच्या बायकांनी इथल्या बायकांसारखा पोशाख करावा.

किस्सा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिला गेला, त्यामुळे राणा नेमकं हेच बोलला असेल असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण परक्या माणसांना आत घेताना राजा काय मागेल, याची एका समाजाने जपलेली आठवण म्हणून तो वाचण्यासारखा आहे. पाच अटींमधली एकच अट फक्त बायकांसाठी होती आणि ती कपड्याची होती.

बुरखाबंदीच्या वादाकडे डहाणू-तलासरीच्या बाजूने पाहिलं की तो अचानक फार जुना दिसायला लागतो. पॅरिस, बर्न, उडुपी, चेंबूर ही त्याची अलीकडची ठिकाणं. राज्यसत्ता कोणतीही असो, तिला आपलं म्हणणं लोकांच्या अंगावर दिसायला हवं असतं आणि त्यासाठी ती बहुतेक वेळा बाईचं अंग निवडते. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये जाहीरनामा काढून बाटलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. त्या यादीत पुरुषांचं पुडवें आणि बायकांची चोळीसुद्धा होती. चोळी घालणारी बाई मनातून अजून हिंदूच आहे, असा तिथल्या धर्माधिकाऱ्यांचा संशय होता. कपड्यावरून मन ओळखण्याचा हा धंदा पुढे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या धर्मांच्या नावाने चालू राहिला.

डहाणूला या धंद्याची आणखी एक बाजू जवळून माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातली झरतुष्ट्री कुटुंबं मुंबईत आणि तिथून या किनारपट्टीवर येत राहिली. आपण त्यांना इराणी म्हणतो. डहाणू, बोर्डी, घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत त्यांचे कष्ट मुरलेले आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यातही त्यांचा वाटा आहे. यझ्दमध्ये या लोकांना घोड्यावर बसायची परवानगी नव्हती आणि रंगीत कपडे घालता येत नव्हते. मळकट पिवळ्या कपड्यांवरून ते दुरून ओळखू येत. एडवर्ड ब्राउन हा इंग्रज अभ्यासक १८८८ मध्ये तिथे गेला होता, त्याने हे पाहून लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला धाडलं. त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ मध्ये झरतुष्ट्र्यांवरचा जिझिया कर उठला.

या कुटुंबांनी मागे सोडलेल्या इराणने पुढे शंभर वर्षांत बायकांच्या कपड्यांचे दोन टोकाचे कायदे पाहिले. ८ जानेवारी १९३६ रोजी रझा शहाने हुकूम काढला की बायकांनी चादर आणि बुरखा उतरवायचा. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. आधुनिक राष्ट्र घडवायचं होतं, हेतू पुढारलेपणाचा सांगितला जात होता. परिणाम असा झाला की जुन्या वळणाच्या घरांतल्या अनेक बायकांनी बाहेर पडणंच सोडलं. सार्वजनिक हमामला जाणंसुद्धा त्यांना अवघड होऊन बसलं. मग १९७९ ची क्रांती आली आणि काही वर्षांतच डोकं झाकण्याची सक्ती आली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी हिजाब नीट घातला नाही म्हणून पोलिसांच्या ताब्यात गेली आणि मरण पावली. आजीच्या डोक्यावरची चादर ओढली गेली आणि नातीला डोकं उघडं ठेवलं म्हणून धरून नेलं, अशी घरं त्या देशात नक्की असतील. दोन्ही वेळा गणवेशातला पुरुष रस्त्यात उभा होता.

हे सगळं बाजूला ठेवून आधी शब्द नीट समजून घ्यायला हवेत, कारण वादातला निम्मा गोंधळ शब्दांचा आहे. हिजाब म्हणजे डोकं, केस आणि मान झाकणारं वस्त्र, चेहरा उघडा. नकाब म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारा कपडा. बुरखा म्हणजे आपल्याकडे सहसा अंगभर झगा. त्याच्यावर नकाब असेल किंवा नसेल. दाऊदी बोहरा बायकांचा रिदा रंगीत असतो आणि त्यात चेहरा उघडा राहतो. एप्रिल २०१३ मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून पश्चिम रेल्वेच्या लेडीज डब्यात हे सगळे प्रकार एका बाकावर मावतात. त्यांच्या शेजारी उन्हाचा आणि धुळीचा ताप म्हणून ओढणीने तोंड बांधलेली मुलगी असते, आणि स्टेशनबाहेर स्कूटीवर फक्त डोळे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळलेली तिची मैत्रीण. पुण्याच्या रस्त्यावर तर हा स्कार्फ इतका सर्रास आहे की त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

चेहरा झाकणं ही इस्लाममध्ये सक्तीची गोष्ट आहे का, यावर मुसलमान विद्वानांचंच एकमत नाही. अनेक परंपरांत चेहरा आणि हात उघडे ठेवायला मुभा आहे, काहींत नाही. हजला गेलेल्या बाईने इहराममध्ये, म्हणजे हजच्या व्रतस्थ अवस्थेत, असताना नकाब घालायचा नसतो, हा दाखला नकाब न घालणाऱ्या बायका नेहमी देतात. केरळमधल्या मुस्लिम एज्युकेशनल सोसायटीने एप्रिल २०१९ मध्ये परिपत्रक काढून आपल्या शिक्षणसंस्थांत चेहरा झाकायला मनाई केली. ती संस्था मुसलमानांचीच आहे. तिच्यावर काही धार्मिक संघटना तुटून पडल्या, पण अध्यक्ष फझल गफूर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

आणि चेहरा झाकणं ही फक्त मुसलमानांची रीत कधीच नव्हती. मराठीत ‘गोषा’ हा शब्द आहे. तो मूळचा फारसी, पण मराठा सरदार-जहागीरदारांच्या घरांत रुळलेला. राजघराण्यांतल्या बायका चिकाच्या पडद्यामागे बसत. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड त्याच रीतीत वाढलेल्या. १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सिद्धमोहन मित्र यांच्यासोबत इंग्रजी पुस्तक लिहिलं, १९१४ मध्ये भर सभेत पती सयाजीरावांच्या शेजारी बसून त्यांनी गोषा सोडला आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. मराठा घरांतला गोषा आज जवळपास नामशेष झाला आहे. तो कोणत्या कायद्याने बंद केला म्हणून शोधायला गेलं तर असा कायदा सापडत नाही. मुली शाळेत गेल्या, नोकरीला लागल्या, घरातल्या थोर बायकांनी आधी पडदा बाजूला केला आणि बाकीच्यांना धीर आला.

महाराष्ट्रात बुरखाबंदीची मागणी ठळकपणे झाली ती १ मे २०१९ रोजी. श्रीलंकेत २१ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांवर आत्मघातकी हल्ले झाले, अडीचशेहून अधिक माणसं मेली. तिथल्या सरकारने २९ एप्रिलपासून चेहरा झाकायला बंदी घातली. दोन दिवसांनी शिवसेनेचं मुखपत्र असलेल्या ‘सामना’च्या अग्रलेखाने भारतातही तसंच करावं अशी मागणी पंतप्रधानांकडे केली. त्याच दिवशी शिवसेनेच्या नीलम गोऱ्हे यांनी ही पक्षाची अधिकृत भूमिका नसल्याचं स्पष्ट केलं. जावेद अख्तर म्हणाले की बुरख्यावर बंदी आणायची तर राजस्थानातल्या घुंगटावरही आणा. वाद आठवडाभर गाजला आणि निवडणुकीच्या धुरळ्यात विरून गेला. त्यातली एक गोष्ट मात्र कुणी थांबून पाहिली नाही. कोलंबोतल्या हॉटेलच्या आणि नेगोंबोच्या चर्चच्या सीसीटीव्हीत जे हल्लेखोर दिसले ते पुरुष होते. पाठीवर पिशव्या होत्या आणि चेहरे उघडे होते.

सुरक्षेचा मुद्दा तेवढ्याने खोटा ठरत नाही. चेहरा ओळखणं काही ठिकाणी अटळ असतं. बँकेच्या काउंटरवर, परीक्षेच्या हॉलमध्ये, विमानतळावर, मतदान केंद्रावर समोरची व्यक्ती कोण आहे हे कळायलाच हवं आणि ते मागण्यात कुणाचाही अपमान नाही. प्रश्न एवढाच की ते कसं मागायचं, कुणी मागायचं आणि किती वेळापुरतं.

आपल्या निवडणूक यंत्रणेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांतच तरतूद आहे की गरज असेल तिथे मतदान केंद्रावर स्त्री कर्मचारी नेमता येते. ती स्त्री मतदारांना मदत करते आणि झडती घ्यायची वेळ आली तर ती घेते. आडोसा असतो, बाई नकाब वर करते, मतदार यादीतल्या फोटोशी चेहरा ताडून पाहिला जातो, बोटाला शाई लागते. मिनिटभराचं काम. मतदार यादीत फोटो नको म्हणून एकजण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने त्यांना सुनावलं की धर्मभावना इतकी तीव्र असेल तर मतदानाला जाऊ नका, पण ओळखपत्राला फोटो लागणारच. त्या भूमिकेने बुरखा घालणाऱ्या कोणाही बाईला मतदान केंद्रापासून रोखलं नाही, कारण मागणी फोटोपुरती आणि त्या क्षणापुरतीच होती. मे २०२४ मध्ये हैदराबादला उमेदवार माधवी लता स्वतः बुरख्यातल्या मतदार बायकांची ओळखपत्रं तपासू लागल्या तेव्हा त्यांच्यावर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तपासायचं कुणी, हा फरक असा महत्त्वाचा असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बिहारच्या निवडणुकीची घोषणा करताना मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी सांगितलं की बुरख्यातल्या मतदारांची ओळख पटवायला केंद्रांवर अंगणवाडी सेविका असतील. डहाणूच्या वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. अंगणवाडी ही कल्पना याच तालुक्यात रुजली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या आणि १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आलं. आदिवासी पोरं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार त्यांचा. मूल येत नाही म्हणून आईबापांना दंड करावा असं त्यांना सुचलं नाही. वारली पाड्यांवर जाऊन त्या बसल्या, पोरांची नखं काढली, न्हाऊमाखू घातलं, मग शिकवलं. त्या अंगणातून निघालेली बाई आज बिहारमधल्या मतदान केंद्रावर दुसऱ्या बाईचा नकाब हलक्या हाताने वर करते, ही या वादातली सर्वांत शहाणी व्यवस्था आहे.

परीक्षेचंही असंच. २०१५ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला डोक्यावर काहीही नको असा नियम आला तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने दोन मुलींना हिजाब घालून बसू दिलं. अट अशी घातली की त्यांनी अर्धा तास आधी यायचं आणि स्त्री पर्यवेक्षकाला तपासू द्यायचं. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने तशीच मागणी फेटाळली आणि तीन तास हिजाब नसला तर श्रद्धा नाहीशी होत नाही अशा अर्थाचं मत दिलं. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या केंद्रांवर बुरख्याला परवानगी नको अशी मागणी केली. कारण कॉपीचं दिलं. कॉपी रोखायलाच हवी, पण त्यासाठी प्रत्येक केंद्रावर तपासणीला एक शिक्षिका पुरते. बंदीने एवढंच होईल की काही घरांत मुलीची परीक्षाच बुडेल.

चेंबूरच्या ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालयाचा खटला महाराष्ट्रातला सगळ्यांत बोलका. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकावर बुरख्यातल्या मुलींना अडवल्यावरून गोंधळ झाला. मे २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सूचना निघाली: बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बॅज, यांपैकी काही चालणार नाही. विज्ञान शाखेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या नऊ मुली उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी न्यायमूर्ती अतुल चांदुरकर आणि राजेश पाटील यांनी याचिका फेटाळली. पोशाखाचा नियम सगळ्यांना सारखा आहे, शिस्तीसाठी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढच्याच दिवसांत महाविद्यालयाने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी आणली.

मुली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ९ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि संजय कुमार यांनी हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली, आणि वर्गात बुरखा घालू देण्यास मात्र नकार दिला. धर्म दिसू नये म्हणून हा नियम, असं महाविद्यालय म्हणत होतं. त्यावर न्यायाधीशांनी विचारलं, नावावरून धर्म कळत नाही का? कपाळावर टिळा लावून किंवा टिकली लावून येणाऱ्या मुलीला तुम्ही अडवाल का? वर्गात शिक्षकाला मुलीचा चेहरा दिसावा, तिला कळलं की नाही हे तिच्या डोळ्यांत आणि कपाळावरच्या आठ्यांत वाचता यावं, ही अपेक्षा रास्त आहे. केसांवरच्या रुमालाने त्यात काहीच अडत नाही. न्यायालयाने रेघ नेमकी तिथे ओढली आणि ती रेघ बरोबर जागी आहे.

या रेघेच्या बाहेर मोठा रस्ता पसरलेला आहे. वर्ग, बूथ, बँक यांच्या पलीकडचा बाजार, एसटी स्टँड, समुद्रकिनारा. तिथेही चेहरा झाकायचा नाही असा कायदा करणाऱ्या देशांची यादी आता लांब झाली आहे. फ्रान्सच्या सिनेटने सप्टेंबर २०१० मध्ये २४६ विरुद्ध १ मतांनी तो मंजूर केला. ११ एप्रिल २०११ पासून अंमल, दंड १५० युरोपर्यंत. त्या वेळी फ्रान्समध्ये चेहरा झाकणाऱ्या बायका सरकारी अंदाजाने सुमारे १९०० होत्या, साडेसहा कोटींच्या देशात. स्वित्झर्लंडने ७ मार्च २०२१ रोजी सार्वमत घेतलं. ५१.२ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. लुसर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या अंदाजाने तिथे नकाब घालणाऱ्या बायका फार तर तीन डझन. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दंड १००० फ्रँकपर्यंत जाऊ शकतो. बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क त्याच वाटेने गेले. नेदरलँड्सने शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या आणि बसगाड्यांपुरती बंदी ठेवली.

फ्रान्सचा कायदा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. फिर्याद करणारी तरुणी फ्रेंच नागरिक होती, तिने सांगितलं की मला कुणी बळजबरी केलेली नाही आणि ओळख पटवायला सांगितली तर मी चेहरा दाखवीन. १ जुलै २०१४ रोजी न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, पण फ्रान्सने दिलेली बहुतेक कारणं नाकारून. सुरक्षेसाठी इतकी सरसकट बंदी गरजेची नाही, स्त्रीपुरुष समानतेच्या नावाने बाईलाच तिच्या मर्जीपासून रोखता येणार नाही, असं न्यायाधीशांनी मान्य केलं. टिकलं ते एकच कारण, ‘एकत्र जगणं’: समोरच्याचा चेहरा दिसणं ही समाजातल्या देवाणघेवाणीची किमान गरज आहे, असं फ्रान्सला वाटत असेल तर ते ठरवायचा त्याला अधिकार आहे. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने दोन बायकांच्या तक्रारीवरून उलट मत दिलं. आणि मे २०२० मध्ये कोरोनाने सगळ्यांचीच तोंडं झाकली. पॅरिसच्या मेट्रोत मास्क नसेल तर १३५ युरो दंड होता, आणि नकाब असेल तर १५० युरोंचा जुना कायदाही जागेवर होता. एकत्र जगायला चेहरा दिसावाच लागतो, हे कारण त्या महिन्यांत कुणालाच फारसं आठवलं नाही.

असा कायदा इथे, पालघर जिल्ह्यात लागू करायचा झाला तर आधी अपवादांची यादी करावी लागेल. हेल्मेट. डॉक्टरांचा मास्क. स्कूटीवरचा स्कार्फ. शेतावर जाणाऱ्या बाईने उन्हासाठी डोळ्यांपर्यंत ओढलेला पदर. लग्नातला घुंगट. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाडा होतो, त्यात देवदेवतांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं रात्रभर गावात नाचतात. तो थांबवायची कल्पनाही कुणी करणार नाही. स्विस कायद्याने हवामान, आरोग्य आणि स्थानिक रूढीचे मुखवटे असे अपवाद केलेच आहेत. सगळे अपवाद काढून झाले की कायद्याच्या हाती एकच कपडा उरतो, आणि तो कुणाचा हे सर्वांना ठाऊक असतं. सर्वांसाठी सारखा म्हणवणारा नियम असा एका समाजातल्या बाईपाशी येऊन थांबतो.

बंदीच्या बाजूने बोलणारे सगळे द्वेषाने बोलतात असं मात्र नाही, आणि त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा बाजूला सारता येत नाही. बुरखा खरोखर किती बायकांची निवड असते? दहा-बारा वर्षांच्या मुलीला तो घालायला सांगितला जातो तेव्हा तिला नाही म्हणता येतं का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात पडद्याबद्दल अत्यंत कडक शब्दांत लिहिलं आहे. पडद्याने बाईचं शरीर आणि मन दोन्ही खुरटतं, असं त्यांचं निदान होतं. बंदीचे समर्थक तो उतारा नेहमी पुढे करतात. त्याच प्रकरणात बाबासाहेबांची खंत अशी आहे की मुसलमान समाजात सुधारणेची चळवळच उभी राहत नाही. त्यांना चळवळ हवी होती.

ती चळवळ कोकणातल्याच एका माणसाने उभी केली. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला. सातच बायका, आणि मागणी तोंडी तलाक, बहुपत्नीत्व थांबवा, समान नागरी कायदा आणा, अशी. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंनी मुल्लामौलवींशी उघड भांडण घेतलं, पण त्यांचा भर बाईच्या हाती हक्क देण्यावर होता: तलाकविरुद्ध दाद मागायची जागा, पोटगी, शिक्षण. ३ मे १९७७ रोजी ते वारले तेव्हा ४४ वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा यांनी पुढे कित्येक वर्षं ते काम चालवलं. दलवाईंनी बाईकडून काही काढून घेण्याआधी तिला काही द्यायचा विचार केला. फ्रान्सच्या कायद्यातही एक कलम असं आहे की जो कुणी बाईला बळजबरीने चेहरा झाकायला लावील त्याला वर्षभर कैद आणि ३०,००० युरो दंड. सक्तीचाच राग असेल तर कायद्याचा हात सक्ती करणाऱ्याच्या मानगुटीवर पडायला हवा. रस्त्यावर मात्र पावती फाडली जाते ती बाईच्या नावाने.

आणि सक्ती असलेल्या घरात बंदी आली तर काय होतं? मुंबई, भिवंडी, मुंब्र्यातल्या अनेक मुलींसाठी बुरखा हाच कॉलेजला जायचा परवाना असतो. तो घालून निघालीस तर जा, असं घर म्हणतं. फाटकावर तो काढ असं कॉलेज म्हणतं. दोघांच्या मध्ये मुलीची वर्षं जातात. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत डोक्यावरचा रुमाल बंद केला. स्टॅनफर्डच्या आला अब्देलगादिर आणि वासिलिकी फुका यांनी २०२० मध्ये आकडेवारी तपासून दाखवलं की त्या कायद्याने मुस्लिम मुलींचं माध्यमिक शिक्षण पुरं होण्याचं प्रमाण घटलं. गोषा सुटला तो शाळेमुळे, हा बडोद्याचा आणि पुण्याचा अनुभव. शाळेचंच दार लावून घेतलं तर तो सुटायचा कसा?

उडुपीच्या सरकारी मुलींच्या कॉलेजात २०२१ च्या अखेरीस हिजाबबंदीवरून जो वाद सुरू झाला त्याचा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी दिला: हिजाब इस्लामचा अनिवार्य भाग नाही, बंदी योग्य. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी लिहिलं की शेवटी हा निवडीचा प्रश्न आहे, आणि आपल्या मनात सर्वांत वर होतं ते मुलींचं शिक्षण. खेड्यापाड्यातल्या मुलीला आधीच घरकाम उरकून शाळेला निघावं लागतं, तिचं आयुष्य आपण सोपं करतो आहोत का, हे त्यांनी विचारलं. प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवायचं ठरलं आणि तीन वर्षं उलटून गेली तरी त्या पीठाचा निकाल आला नाही. खटला सुरू झाला तेव्हा अकरावी-बारावीत असलेल्या त्या मुलींचं पदवीचं वय त्यातच निघून गेलं.